जाळीची पँट आणि मे महिना
मे महिन्यात बाइकवरून विदर्भात जायचं तर जाळीची रायडिंग पँट घ्या, हा सल्ला अर्धाच खरा. जाळीतून वारा खेळतो तो गाडी पळत असताना. सिग्नलला उभं राहिलं की संपलं. शिवाय पारा ४५ वर गेला की येणारा वाराच अंगापेक्षा गरम! तेव्हा आत ओली, पातळ लेगिंग बरी. पँटच्या लेबलावर ईएन १७०९२ या सुरक्षा मानकाचा वर्ग बघा. ‘एएए’ सर्वांत दणकट, पण उकडणारा. महामार्गासाठी मी ‘एए’च्या खाली उतरणार नाही. साधी जीन्स तर डांबरावर घासताच फाटते. आणि दुकानातल्या आरशावर जाऊ नका, गाडीवर बसून बघा. गुडघ्याचं पॅड नडगीवर सरकत असेल तर पँट तिथेच परत करा, सवलत कितीही असो.