आधी स्क्रीनवर पाडा!

सुट्टीत धाराशिवजवळच्या तेरला जाऊन रिमोटचं विमान उडवायचंय? झकास! पण त्रिविक्रमाचं प्राचीन विटांचं मंदिर म्हणजे शिकाऊ पायलटची धावपट्टी नव्हे, राजे. आधी घरी सिम्युलेटर. नव्या रिमोटला यूएसबी केबल लावा, 'जॉयस्टिक' निवडा. जुन्याला मागच्या ट्रेनर पोर्टातून यूएसबी अडॅप्टर. मग कॅलिब्रेशन: दोन्ही स्टिक्स टोकापर्यंत फिरवा, घाई नको. थ्रॉटल खाली असताना इंजिन घुमतंय? तो चॅनल रिव्हर्स करा.

खरी गोची पुढेच. विमान तुमच्याकडे तोंड करून आलं, की डावं-उजवं उलटं! कीबोर्डवर हे हाताला कळत नाही, स्वतःच्या स्टिक्सवरच कळतं. पन्नासदा पाडा, रीसेट फुकट आहे. नंतर तेरला वस्तीपासून लांबचं मोकळं रान बघा, मालकाला विचारून.