गुरुवारची सुट्टी, रविवारचा वर्ग

आपल्या पिंपरी-भोसरीच्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार आठवड्याच्या सगळ्या दिवसांवर वाटला जावा म्हणून निरनिराळ्या औद्योगिक भागांना सुट्टीचे निरनिराळे वार नेमून दिले गेले आणि आपल्या वाट्याला गुरुवार आला. इथल्या कामगारांच्या घरांनी या वाराशी केव्हाच जुळवून घेतले आहे. बँकेचे काम, दवाखाना, मुलाच्या शाळेत जाऊन बाईंना भेटणे, सारे गुरुवारी. जुळवून घेतलेले नाही ते उच्च शिक्षणाने. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी म्हणून जी अभ्यासकेंद्रे चालतात, त्यांची संपर्कसत्रे बहुधा रविवारी असतात. कारण रविवारी महाविद्यालयाच्या खोल्या मोकळ्या असतात आणि प्राध्यापकही मोकळे असतात. ज्याच्यासाठी हा खटाटोप चालला आहे तो त्या वेळी यंत्रापाशी उभा असतो.

ही बाब लहान दिसते. पण शिक्षण कोणाच्या घड्याळाने चालावे, हा फार मोठा प्रश्न तिच्यात दडलेला आहे, असे मला वाटते.

दूरशिक्षणाच्या एका अभ्यासकेंद्रावर गेली काही वर्षे मी मराठी शिकवतो. पटावर नावे पुष्कळ असतात, बाकांवर माणसे थोडी. याचे कारण विचारले की शिक्षकांच्या खोलीत एक ठरलेले उत्तर मिळते : ‘त्यांना शिकायचे नसते हो, त्यांना पदवीचा कागद हवा असतो.’ हे निदान मला मान्य नाही. रात्रपाळी संपवून, अंगावरचा कंपनीचा गणवेशही न बदलता, डोळे चोळत जो वर्गात येऊन बसतो, तो केवळ कागदासाठी आलेला नसतो. कागद त्याला वर्गात न येताही मिळू शकतो. तो येतो याचा अर्थ त्याला कोणीतरी समोर उभे राहून समजावून सांगायला हवे आहे.

शिकणाऱ्याच्या सोयीने शिकवण्याची कल्पना आपल्याकडे परक्या देशातून आली, असा एक समज आहे. तोही तपासून पाहावा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा राबणारा माणूस दिवसाच्या शाळेत येऊ शकत नाही, म्हणून शाळेनेच रात्री जागावे, इतका हा साधा विचार होता. आज ‘लवचीक शिक्षण’ या भारदस्त नावाने आपण ज्याची चर्चा करतो, त्याचे बीज एवढेच आहे.

विद्यापीठाच्या पातळीवर हा विचार महाराष्ट्रात ज्यांनी रुजवला, त्यांत डॉ. राम ताकवले यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. मूळचे ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. पुराणिकांसह त्यांनी लिहिलेले अभिजात यामिकीचे पुस्तक विज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी अभ्यासले. १९७८ ते १९८४ या काळात ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्याच १९७८ साली २ ऑक्टोबरला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. पंधरा ते पस्तीस वयाच्या दहा कोटी निरक्षरांना पाच वर्षांत साक्षर करण्याचे स्वप्न त्याने पाहिले होते. अध्यापन आणि संशोधन यांच्या जोडीला विस्तारकार्य हेही विद्यापीठाचे तिसरे कर्तव्य आहे, अशी भूमिका विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याच सुमारास घेतली. दहा कोटींचे उद्दिष्ट गाठता आले नाही, हा इतिहास आहे. पण चार भिंतींबाहेरच्या माणसाशी विद्यापीठाचा काही संबंध असतो, ही गोष्ट त्या वर्षांत निदान कागदावर तरी मान्य झाली.

ती कागदावरून खाली उतरली १९८९ मध्ये. त्या वर्षीच्या १ जुलैला नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि ताकवले त्याचे पहिले कुलगुरू झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. ज्यांची बारावी झालेली नव्हती अशा प्रौढांना पूर्वतयारीचा अभ्यासक्रम पुरा करून पदवीकडे जाता येईल, अशी वाट तिथे काढली गेली. अभ्यासकेंद्रे गावोगावच्या चालू महाविद्यालयांतच उघडण्यात आली. पुढे ते इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. २०२३ साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कारकिर्दीचा मला लागलेला अर्थ असा. पदार्थविज्ञानाचा हा शिक्षक बुद्धिमान विद्यार्थ्यांच्या निवडक वर्गापुढे आयुष्यभर सुखाने शिकवत राहू शकला असता. त्याऐवजी, ज्यांना वर्गातच येता येत नाही त्यांच्यासाठी विद्यापीठ कसे रचावे, या प्रश्नाला त्यांनी उमेदीची वर्षे दिली. असा प्रश्न घेतला की शिक्षकाचे कामच बदलते. पुस्तक असे लिहावे लागते की ते वाचणाऱ्याला शेजारी शिक्षक बसल्यासारखे वाटावे : मध्ये थांबवून प्रश्न विचारणारे, चुकल्यास मागे नेणारे, एका बैठकीत संपेल एवढाच घास देणारे. हे काम विद्वत्तापूर्ण प्रबंध लिहिण्याहून सोपे आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी एक प्रकरण लिहून पाहावे.

आता आपल्या परिसराकडे पाहू. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स १९५४ मध्ये उभी राहिली. मागोमाग एकेक कारखाना येत गेला. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवडची नवनगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती सतरा लाखांवर गेली होती. कांद्या-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे चाकण या शतकात मोटारींचे गाव झाले. फोक्सवॅगनचा कारखाना तिथे २००९ मध्ये सुरू झाला. पहिल्या पिढीचा कामगार बहुधा कायम नोकरीत होता. त्याला संघटना होती, पाळीचे वेळापत्रक महिनाभर आधी ठाऊक होते, आणि निवृत्तीपर्यंत एकाच फाटकातून आत जाण्याची खात्री होती. आज म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडीच्या खोल्यांत चौघे-पाचजण मिळून राहणारा मुलगा मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून किंवा बिहार-ओडिशातून आलेला असतो. पुष्कळदा तो कंत्राटी असतो. करार संपला की कंपनी बदलते, खोली बदलते, कधी गावही बदलते. शिक्षणाची गरज याला पहिल्या पिढीहून अधिक आहे आणि सवड कमी.

अशा मुलाला तीन वर्षे एकाच केंद्रावर, एकाच वारी, एकाच वेळी या म्हणणे म्हणजे शिकू नका म्हणण्यासारखे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले, २०२१ मध्ये श्रेयांकांची बँक निघाली. मध्येच शिक्षण थांबवावे, पुन्हा सुरू करावे, मिळवलेले श्रेयांक जपून ठेवावेत, अशी सोय झाली. या सोयी चांगल्याच आहेत. परंतु श्रेयांक साठवण्याआधी ते मिळवावे लागतात, आणि मिळवण्यासाठी कोणीतरी शिकवावे लागते. बँक उघडली म्हणून पगार वाढत नाही!

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सवलत दिली की दर्जा घसरतो, असे म्हणतात. गाईडे पाठ करून, झेरॉक्सच्या दुकानातून ‘महत्त्वाचे प्रश्न’ आणून उत्तीर्ण होणारे मी पाहिले आहेत. पण तसे विद्यार्थी सकाळच्या नियमित वर्गातही आहेत. तिथे त्यांच्यामुळे सगळ्या महाविद्यालयाचा दर्जा गेला, असे आपण म्हणत नाही. खरा घोटाळा असा की लवचीकपणा वेळेत हवा होता, तो आपण अपेक्षांत आणला. वेळ शिकणाऱ्याची, ठिकाण त्याच्या सोयीचे, गती त्याला झेपेल ती. मात्र कसोटी सगळ्यांना एकच, असे व्हायला हवे होते. प्रत्यक्षात वेळ संस्थेची राहिली आणि कसोटी सैल झाली. याने कामगाराचा दुहेरी तोटा होतो : त्याला शिकता येत नाही, आणि जे मिळते त्याला बाजारात किंमत येत नाही.

पदवीच्या खाली आणखी एक पायरी आहे आणि तिच्याकडे आपले लक्ष त्याहून कमी जाते. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे सात वर्षे वा अधिक वयाच्या ज्या माणसाला कोणत्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येते तो साक्षर. २०११ मध्ये महाराष्ट्रात असे बावन्न नव्हे, ब्याऐंशी टक्क्यांहून अधिक लोक होते, हे अभिमानाचे खरेच. पण ‘समजून’ हा शब्द महत्त्वाचा. कंत्राटदाराने पुढे केलेल्या कागदावर सही करता येणे आणि तो कागद वाचून ‘यात भविष्यनिर्वाह निधीचा उल्लेख कुठे आहे?’ असे विचारता येणे, यांत अंतर आहे. शिकलेली अक्षरे वापरली नाहीत तर पुसली जातात, हे तर प्रौढशिक्षणात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सफाईचे काम करणाऱ्या, बांधकामावर विटा वाहणाऱ्या बायांना हे अंतर सर्वांत जास्त जाणवते.

पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेत डॉ. चित्रा नाईक यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत अनौपचारिक शिक्षणाचा जो प्रयोग केला, त्याची इथे आठवण होते. दिवसा गुरे राखणाऱ्या आणि घरकाम करणाऱ्या मुलामुलींसाठी संध्याकाळचे वर्ग, शिकवणारी माणसे गावातलीच. आज २०२२ ते २०२७ या काळासाठी ‘उल्लास’ हा नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे, तोही स्वयंसेवकांवरच आधारलेला आहे. म्हणजे माणसे हवी आहेत, आणि माणसे तर आपल्या महाविद्यालयात आहेत.

म्हणून केवळ तक्रार न करता माझ्या तीन सूचना मांडतो. पहिली, नोकरदार विद्यार्थ्यांचे प्रत्येक सत्र आठवड्यात दोनदा घ्यावे : एकदा रविवारी आणि तेच पुन्हा गुरुवारी संध्याकाळी. ज्याची जी पाळी असेल तो त्याला जमेल त्या सत्राला येईल. दुसरी, ग्रंथालय आठवड्यातून दोन दिवस रात्री नऊपर्यंत उघडे असावे. दहा बाय दहाच्या खोलीत पाचजण राहणाऱ्याला पुस्तकाइतकीच टेबल-खुर्ची आणि शांतता लागते. तिसरी, नव्या अभ्यासक्रमात समाजाभिमुख कामाला श्रेयांक आहेत, ते झाडे लावल्याच्या छायाचित्रांवर खर्च न करता कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी एकेका प्रौढाला वर्षभर वाचायला शिकवावे. वर्षाअखेरी त्या प्रौढाने एक पगारपत्रक वाचून दाखवले की श्रेयांक मिळाले.

याला खर्च येईल, प्राध्यापकांना गुरुवारची एक संध्याकाळ द्यावी लागेल, आणि तिचा मोबदला तासिकेच्या हिशेबात रीतसर धरला गेला पाहिजे. फुकटच्या सेवाभावावर कोणतीही योजना दोन वर्षांपलीकडे टिकत नाही. पण आपल्या महाविद्यालयाच्या चारी बाजूंना कारखाने आहेत. त्यांच्या भोंग्यावर या गावाचे जेवण, झोप आणि सण ठरतात. त्याच गावातले महाविद्यालय मात्र त्या भोंग्याला बहिरे राहणार असेल, तर ते इथे असून इथले नाही, असेच म्हणावे लागेल. येत्या शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक अजून तयार व्हायचे आहे. त्यात गुरुवारी संध्याकाळी सहाचा एक रकाना मोकळा ठेवावा, इतकीच माझी विनंती आहे.