वहीत न चढलेलं भांडवल

गणिताच्या पुस्तकात भागीदारीची उदाहरणं असतात. एकाने इतके हजार गुंतवले, दुसऱ्याने तितके, महिने अमुक. तर नफा कसा वाटायचा? रक्कम आणि मुदत यांचा गुणाकार केला की उत्तर मिळतं. आपल्या मोहल्ल्यातल्या दुकानांना मात्र हे उत्तर पुरत नाही. तिथे पैशापेक्षा मोठं भांडवल असतं हुन्नराचं, आणि ते कुठल्याच वहीत चढत नाही.

मिरजेचं उदाहरण घ्या. एकेकाळी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोरे घडवायला सुरुवात केली. भोपळा पारखून कापणं हे एक काम, लाकडाची दांडी बेतणं दुसरं, नक्षी आणि पॉलिश तिसरं. शेवटी घोडीवर जवारी काढणारा लागतो. त्याचा कान तयार नसेल तर आधीची सगळी मेहनत मुकी राहते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ती कमाई एका हाताची नाही.

आता आपल्या गल्लीतलं शिलाईचं दुकान पाहा. थोरला भाऊ कटिंगमध्ये उस्ताद, पण गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलवत नाहीत. धाकटा बोलका, उधारी गोड बोलून वसूल करतो. भाभी घरी बसून तुरपाई आणि काज-बटण करते. दहावीत चांगले मार्क मिळवलेली मुलगी मोबाइलवर बिलं बनवते. चौघे मिळून एक दुकान चालतं. पण विचारलं तर उत्तर येतं, "दुकान दोघा भावांचं." मालेगाव-भिवंडीत कांड्या भरणाऱ्या कितीतरी बायकांची हीच गोष्ट. त्यांच्या कामाला 'मदत' म्हणतात.

लोक म्हणतात, घरात कसला हिशेब? हिशेब आला की मोहब्बत गेली. मला उलट वाटतं. ही मोहब्बत बहुतेकदा अब्बा हयात असेपर्यंतच टिकते. त्यांच्या इंतकालनंतर "मी जास्त राबलो" हे वाक्य निघतं, आणि पुरावा कुणाकडेच नसतो.

कुराणातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते. ती ईमानवाल्यांनाच उद्देशून आहे. म्हणजे लिहिणं हा अविश्वास नव्हे. मुदारबतमध्ये एकाचा पैसा आणि दुसऱ्याची मेहनत असते, नफ्याचं प्रमाण आधीच ठरतं. मेहनतीलाही वाटा असतो हे आपल्याला नवं नाही.

कायदाही ध्यानात ठेवा. १९३२च्या भागीदारी कायद्यानुसार केवळ घरातलं माणूस म्हणून कुणी भागीदार ठरत नाही, त्यासाठी करार लागतो. करारात वेगळं ठरलं नसेल तर भागीदारांचा नफा समान वाटला जातो आणि जास्त राबणाऱ्याला वेगळा मेहनताना मागता येत नाही. मग ज्यांचं नावच नाही, त्या भाभीला आणि मुलीला काय मिळणार?

जकातीसाठी आपण वर्षातून एकदा दुकानातल्या मालाचा हिशेब करतोच. त्याच बैठकीत आणखी एक पान लिहा: कोण काय करतं, त्याचा मेहनताना किती, नफ्यात वाटा किती. खाली सगळ्यांच्या सह्या घ्या, घरातल्या बायकांच्यासुद्धा. आणि ते पान लिहायला त्या मुलीलाच बसवा. अक्षर तिचंच चांगलं आहे, हिशेबही तिलाच येतो.