क्लच सुटतो तेव्हा

गेल्या महिन्यात घाट चढताना आमची मोटारसायकल दमली. मागे बेगम बसलेल्या, त्यांच्यामागे ट्रकचा हॉर्न. रेस दिली की इंजिन ओरडे, वेग मात्र वाढेना. क्लच सुटत होता. गाडी कडेला घेतली आणि अल्लाहचे शुक्र मानले.

वाचकहो, अशा वेळी लगेच क्लच प्लेट बदलायला धावू नका. आधी लिव्हर पाहा. टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर प्ले हवा. तो नसेल तर केबल ताणलेली राहते आणि प्लेटा पुरत्या दाबल्या जात नाहीत. ॲडजस्टर फिरवून केबल सैल करा. चालवताना लिव्हरवर बोटे टेकवून ठेवण्याची सवयही सोडा.

आमचा प्ले ठीक होता. दोष निघाला ऑइलमध्ये. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच फिरतो. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात, त्यांनी प्लेटांची पकड जाते. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ लिहिलेले हवे. आम्ही पैसे वाचवायला कारचे उरलेले ऑइल ओतले होते!

ऑइल बदलले, पण तोवर प्लेटा जळल्या होत्या. प्लेटा आणि स्प्रिंगा नव्या घ्याव्या लागल्या. मिस्त्रीने प्लेटा आधी ऑइलमध्ये भिजवल्या, मगच बसवल्या.

बेगम एवढेच म्हणाल्या, “मुलांना सांगता ना, आधी प्रश्न नीट वाचा? मग डबा कोण वाचणार होतं?”