अँटॉप हिलचा समुद्र

समुद्रविज्ञानाचा प्रसार लोकांत व्हावा, या मताला विरोध करणारा मनुष्य आज शोधूनही सापडणार नाही. सर्वांस मान्य झालेल्या मताची जी गत होते तीच याचीही झाली आहे. त्याची फोड करण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली आहे. प्रसार कशाचा करावयाचा, कोणत्या भाषेत करावयाचा आणि तो करणे हे कोणाचे काम, हे तीन प्रश्न पुढे ठेवले की हे एकमत तत्काळ विरघळते. दरवर्षी ८ जूनला जागतिक समुद्रदिन येतो. किनाऱ्यावरचा कचरा पोत्यांत भरला जातो, शाळकरी मुलांकडून देवमाशाची चित्रे काढून घेतली जातात, एखादे पाहुणे समुद्राच्या अथांगतेवर चार शब्द बोलतात आणि मंडळी कृतकृत्य होऊन घरी जातात. मुलांनी चित्रे काढू नयेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु याला विज्ञानाचा प्रसार म्हणणे आम्हांस मान्य नाही.

मुंबईचा समुद्र म्हटला की गिरगावची चौपाटी किंवा दादरचा किनारा डोळ्यांपुढे येतो. अँटॉप हिल कोणास आठवणार? सरकारी नोकरांच्या वसाहती, झोपड्यांच्या ओळी आणि वडाळ्याकडची गोदामे यांच्या या वस्तीतून फिरताना समुद्र कोठे दृष्टीसही पडत नाही. तथापि पूर्वेकडे मिठागरांच्या जमिनी आहेत, आणि त्यांच्या पलीकडे शिवडी-माहूलची खाडी, तिचा चिखल, तिची तिवरे आणि हिवाळ्यात त्या चिखलात उतरणारे रोहित पक्षी. भरतीचे पाणी जेथवर आत घेता येते तेथेच मिठागर होते. तेव्हा अँटॉप हिल हे समुद्रकाठचेच गाव आहे. त्याचा समुद्र मागील दाराने येतो, इतकेच. मुंबईच्या सखल भागांतील पावसाचे पाणी ज्या वाहिन्यांतून समुद्रास मिळते, त्यांपैकी बहुतेकींची मुखे भरतीच्या पातळीखाली आहेत. मोठी भरती आणि मोठा पाऊस एका वेळी आले की पाणी जाण्याऐवजी उलट फिरते आणि ओहोटी लागेपर्यंत रस्त्यांवर ठाण मांडते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्यास जेमतेम ७३. आणि त्याच दुपारी भरतीही होती. त्यानंतर नालेसफाईवर जितके बोलले गेले त्याच्या शतांशही त्या भरतीविषयी बोलले गेले नाही. नाले तुंबले होते हे खरेच. पण नाल्याच्या तोंडाशी समुद्र उभा होता, हेही तितकेच खरे.

वस्तुतः हे ज्ञान आपल्याकडे परके नव्हे. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे भरतीची वेळ निघते, हा कोळ्यांचा आडाखा कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. चंद्राच्या गतीमुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे मागे पडते. ते गणित पाऊण तासाच्या हिशेबात बसवून कोळ्याने तोंडी करून टाकले. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हे शब्दही त्याचेच. पांढरपेशा घरातली स्थिती पाहा. संकष्टीचा चंद्रोदय किती वाजून किती मिनिटांनी, हे ज्या घरातल्या लहान मुलासही ठाऊक असते, त्याच घरात त्याच चंद्राने ओढून आणलेले पाणी जिन्याच्या पहिल्या पायरीशी आले की महापालिकेस दूषणे देण्यापलीकडे कोणास काही सुचत नाही! साडेचार मीटरांवरील भरत्यांचे दिवस दरवर्षी पावसाळ्यापूर्वी प्रसिद्ध होतात. त्यात वेळ असते, उंची असते, कारण नसते. हे कारण सांगणे हाच प्रसाराचा आरंभ होय.

आता यापुढची गोष्ट. अपोलो बंदरावर समुद्राच्या पातळीच्या नोंदी १८७८ पासून आहेत. इतकी जुनी नोंद हिंदी महासागरात फार थोड्या ठिकाणी मिळते. मुंबईच्या व अन्य बंदरांच्या अशा नोंदी तपासून गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या उन्नीकृष्णन व शंकर या शास्त्रज्ञांनी २००७ साली दाखवून दिले की, या भागात समुद्र वर्षाला एक ते पावणेदोन मिलिमीटर इतका चढत आला आहे. १९९३ नंतरची उपग्रहांची मोजणी याहून मोठी, वर्षाला तीन मिलिमीटरांच्या वर जाते. नोंद आमच्या दारातली, ती वाचणारी संस्था आमच्या शेजारची, पैसा आम्हां सर्वांचा. आणि निष्कर्ष इंग्रजी नियतकालिकात! ज्याच्या गटाराच्या मुखाशी हा समुद्र चढतो आहे त्याच्या हाती त्याच्या भाषेत तो कोण देणार?

येथे काही विद्वान म्हणतील की, असे विषय मराठीत मांडता येत नाहीत. त्यांनी बाळशास्त्री जांभेकरांचे स्मरण करावे. कुलाब्याच्या वेधशाळेचे काम पाहणाऱ्या या पुरुषाने १८४० साली ‘दिग्दर्शन’ मासिक काढून शास्त्रीय विषय मराठीत आणले. तेव्हा पारिभाषिक शब्द कोठे तयार होते? गोव्यातील संस्था १९६६ साली स्थापन झाली. त्याच वर्षी मराठी विज्ञान परिषदही स्थापन झाली, आणि तिची वास्तू अँटॉप हिलपासून हाकेच्या अंतरावर चुनाभट्टीस आहे. साधने नाहीत असे कोण म्हणेल? देशाच्या संशोधननौकांची नावे मात्र ‘गवेषणी’, ‘सागरकन्या’, ‘सिंधुसाधना’ अशी ठेवण्यात आली. बारशापुरती आपली भाषा चालते, पुढे चालत नाही.

दुसरा आक्षेप असा की, लोकांस ज्ञान नको, उपयोग हवा. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून मासे कोठे मिळतील याच्या सूचना मराठीतही निघतात, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो. उपग्रहाने पाहिलेले पाण्याचे तापमान आणि हरितद्रव्य यांवरून त्या काढल्या जातात. म्हणजे लाभ दिसला की मराठी सुचते! पण कोळ्यास मासा कोठे आहे एवढेच सांगावयाचे आणि तो का नाहीसा होतो हे सांगावयाचे नाही, हा कोठला न्याय? पावसाळ्याच्या उत्तरार्धात अरबी समुद्रातले प्राणवायू उणे झालेले पाणी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागावर चढते आणि तळाच्या माशांस तेथे जगणे कठीण होते. ही प्राणवायूची उणीव तीव्र होत चालली आहे, आणि शेतातून वाहून येणारी खते त्यास हातभार लावीत असावीत, असे गोव्याच्याच संस्थेतील नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये मांडले. मासे महाग का, हा प्रश्न दादरच्या बाजारात रोज विचारला जातो. त्याची कारणे अनेक आहेत. हे एक कारण मात्र त्या बाजारापर्यंत कधी आले नाही.

शास्त्रज्ञांचा वेळ मोलाचा आहे, हा तिसरा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेत नाही. जो वर्षानुवर्षे एक विषय अभ्यासू शकतो, तो दोन पाने सोपी मराठी लिहू शकतो किंवा लिहवून घेऊ शकतो.

प्रश्न पुढे अधिक बिकट होणार आहे. २०२१ साली केंद्र सरकारने खोल समुद्राच्या मोहिमेस ४०७७ कोटी रुपये मंजूर केले. सहा हजार मीटर खोल माणसे नेणारे यान त्यात आहे, आणि मध्य हिंदी महासागराच्या तळावरच्या धातुमय गोट्यांचा विचारही आहे. त्यांसाठी भारताकडे ७५,००० चौरस किलोमीटरांचे क्षेत्र आहे. तो तळ खणावा की नाही, खणल्यास तेथील जीवसृष्टीचे काय होईल, याचा निर्णय कोणीतरी घेणारच. निर्णयानंतर यानाची रंगीत चित्रे शाळाशाळांत वाटली जातील आणि तिलाच लोकशिक्षण म्हटले जाईल, अशी आम्हांस भीती वाटते.

या बाबतीत आमच्यासारख्या मासिकांचा दोषही थोडा नाही. सागरावरील कविता आम्ही भरभरून छापल्या. उधाण हा शब्द त्यांत शंभरदा आला असेल, भांग क्वचितच.

आमची मागणी मोठी नाही. या किनाऱ्याविषयी सार्वजनिक पैशाने झालेल्या प्रत्येक संशोधनाबरोबर त्याचा दोन पानी मराठी गोषवारा निघावा, आणि तो किनाऱ्यावरच्या शाळांस, वाचनालयांस व कोळीवाड्यांस पाठवावा. कोळ्यांनी पाहिलेले बदल मागवून घ्यावेत व टिपावेत. आणि अँटॉप हिलच्या एखाद्या शाळेच्या भिंतीवर एक तक्ता लावावा: आजची तिथी, आजची भरती, तिची उंची, आणि १८७८ पासून अपोलो बंदरावर पाणी किती चढले. त्या तक्त्यास किती खर्च येईल, हे ४०७७ कोटींचा हिशेब मांडणाऱ्यांनीच आम्हांस सांगावे.