पोस्टरमधून हरवलेली माणसं

डब्लिनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आयर्लंडमध्ये पॉल हेन्री यांचं १९१२ सालचं ‘द पोटॅटो डिगर्स’ हे चित्र आहे. आयर्लंडच्या पश्चिमेला अ‍ॅकिल नावाचं बेट आहे. तिथल्या शेतात बटाटे खणणाऱ्या, लाल घागऱ्यातल्या बायका, मागे डोंगर आणि वर ढगांनी भरलेलं आभाळ. बेटावरचं निवांत जगणं म्हणून हे चित्र सहज आवडून जातं. पण ते निवांतपणाचं नाही, कष्टाचं चित्र आहे. बटाट्याच्या पिकावर करपा रोग पडला आणि १८४५पासूनच्या दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसं मेली. तोच बटाटा या बायका खणताहेत. बेटावरच्या तुटपुंज्या जमिनीत भागत नसे, म्हणून इथली तरुण मुलंमुली हंगामात बटाटे काढायला स्कॉटलंडला जात. १८९४च्या जूनमध्ये त्याच वाटेवर निघालेल्यांची होडी क्ल्यू उपसागरात उलटली आणि ३२ जण बुडाले. चित्र त्यानंतर अठरा वर्षांनी काढलेलं आहे. हा इतिहास ठाऊक असला की त्या वाकलेल्या पाठींकडे नुसतं रंगरेषांचा मेळ म्हणून पाहता येत नाही.

यावर कुणी म्हणेल, हेन्री बेलफास्टचे, पॅरिसमध्ये शिकलेले. शेतकऱ्यांच्या वाकलेल्या आकृती त्यांनी फ्रेंच चित्रकार मिलेकडून घेतल्या, त्यात अ‍ॅकिलचं सत्य कितीसं असणार? मिलेचा प्रभाव उघड आहे. पण मांडणी उसनी असली म्हणून श्रम उसने ठरत नाहीत. हेन्री १९१०मध्ये अ‍ॅकिलला आले आणि १९१९पर्यंत त्यांनी तिथेच बस्तान ठेवलं. तिथलं काम त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पुढे हेन्रींनीच माणसं गाळून डोंगर, ढग आणि झोपड्या रंगवल्या. शिवाय आपली चित्रं काढलेली बेटावरच्या लोकांना रुचत नसत. मग रिकाम्या निसर्गचित्रांना दोष का द्यावा? दोष चित्रकाराचा नाहीच. प्रश्न निवडीचा आहे. १९२०च्या दशकात रेल्वे कंपनीने प्रवाशांना बोलावण्यासाठी पोस्टरवर छापली ती त्यांची निर्मनुष्य निसर्गचित्रं, आणि पश्चिम आयर्लंड म्हणजे हेच, अशी समजूत घरोघरी रुजली. प्रवासी विकत घेतो ते मोकळं आभाळ. त्याखाली राबणारी माणसं त्याला नको असतात.

सार्वजनिक संग्रहाला हा व्यवहार करायचा नसतो, म्हणूनच त्याची जबाबदारी वेगळी आहे. ‘द पोटॅटो डिगर्स’ भिंतीवर लावणं पुरेसं नाही. शेजारच्या पाटीवर बटाट्याचा दुष्काळ, स्कॉटलंडची वाट आणि बुडालेली ती होडी यांनाही जागा हवी. त्याने चित्राचं सौंदर्य उणावणार नाही. त्या लाल घागऱ्यांचा रंग मात्र कुणाच्या अंगावरचा आहे, ते पाहणाऱ्याला कळेल.