साखर उतरल्याचं सांगणारा कुत्रा

मैत्रिणींनो, या आठवड्यात सगळी जागा एकाच पत्राला देते आहे. पत्र आमच्याच शिरूर तालुक्यातल्या एका भगिनीचं आहे. त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलीला दोन वर्षांपूर्वी मधुमेह निघाला. उतारवयात होतो तो नव्हे. लहानपणी होतो तो, ज्याला डॉक्टर टाइप वन म्हणतात आणि ज्यात शरीर इन्सुलिन तयार करणंच थांबवतं. दिवसातून चार वेळा सुई. त्या लिहितात : "ताई, सुईचं आता तिलाही काही वाटत नाही आणि मलाही. भीती वाटते ती रात्रीची. झोपेत साखर उतरली तर मला कळणार कसं? दोन वर्षांत मी सलग चार तास झोपलेले नाही. माझे दीर परदेशी असतात. ते म्हणाले, तिकडे साखर उतरली की वासावरून ओळखून उठवणारे कुत्रे असतात. आपणही एक पिल्लू आणून शिकवावं का? अंगणात मोत्या आहे, पण तो साधा गावठी. सासूबाई म्हणतात, कुत्रं उंबऱ्याच्या आत येणार नाही. हे म्हणतात, तुम्ही दोघी काय ते ठरवा."

आधी दिरांच्या बोलण्याबद्दल. ते थापा मारत नाहीत, असे कुत्रे आहेत. इंग्लंडच्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या डॉक्टरांच्या नियतकालिकात २००० साली इन्सुलिन घेणाऱ्या तीन बायकांची हकीकत छापून आली होती. त्यांच्या घरच्या कुत्र्यांना कुणी काही शिकवलेलं नव्हतं. एकीची कँडी नावाची कुत्री बाईंची साखर उतरायला लागली की उठून खोलीबाहेर पळायची आणि खुर्चीखाली दडून बसायची. बाईंनी काही खाल्लं की मगच बाहेर यायची. दुसरीची कुत्री रात्री नाकानं ढोसून मालकिणीला जागं करायची, आणि साखर कमी असताना बाई घराबाहेर पडायला लागल्या तर त्यांना जाऊच द्यायची नाही. तिसरीचा कुत्रा मांडीवर डोकं ठेवायचा, आणि बाई झोपलेल्या असल्या तर भुंकून दार ओरबाडायचा. पुढे २००८ साली उत्तर आयर्लंडातल्या बेलफास्टच्या अभ्यासकांनी मधुमेह असलेल्या २१२ कुत्रेवाल्यांना विचारलं, तेव्हा शंभरातल्या पासष्टजणांनी सांगितलं की आमचा कुत्रा एकदा तरी असं वागला आहे. अर्थात हे मालकांचं सांगणं. आपल्या लेकराचं आणि आपल्या कुत्र्याचं कौतुक कोण कमी करतं?

कुत्र्याला वास येतो तो नेमका कशाचा, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. केंब्रिजच्या डॉक्टरांनी २०१६ साली टाइप वन असलेल्या आठ बायकांची साखर देखरेखीखाली हळूहळू उतरवून त्यांचा श्वास तपासला. आयसोप्रीन नावाचा एक वायू श्वासात वाढलेला दिसला, काहींच्या बाबतीत जवळजवळ दुप्पट. आपल्या नाकाला त्याचा पत्ता लागत नाही, कुत्र्याला लागत असावा असा त्यांचा अंदाज. तसं कुत्र्याचं आणि या आजाराचं नातं फार जुनं आहे. १८८९ साली स्ट्रासबर्गला दोन डॉक्टरांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं, आणि त्या कुत्र्याला मधुमेह झाल्यावरच या आजाराचं मूळ कुठे आहे ते कळलं. १९२१ साली टोरांटोला इन्सुलिन सापडलं तेही आधी कुत्र्यांवरच वापरून पाहिलं, आणि १९२२च्या जानेवारीत ते पहिल्यांदा एका चौदा वर्षांच्या मुलाला टोचलं. त्या मुक्या जिवांचे आपल्यावर उपकार आहेत, एवढं आपण विसरू नये.

आता असा कुत्रा शिकवतात कसा आणि घरात नांदतो कसा, हे सविस्तर सांगते. पत्राचं खरं उत्तर त्यातच आहे. साखर उतरलेली असताना रुग्णाचा घाम किंवा श्वास कापसाच्या बोळ्यावर घेतात, घट्ट बंद करून फ्रीजरमध्ये ठेवतात. त्या वासाला कुत्र्यानं पंजा मारला किंवा नाकानं ढोसलं की लगेच खाऊ. असं महिनोन् महिने चालतं. मग त्या माणसाबरोबर राहायला शिकवायचं. घरी आल्यावर कुत्र्यानं सूचना दिली की दर वेळी बोट टोचून साखर बघायची. बरोबर निघाली तर त्याच वेळी बक्षीस द्यायचं, मग पहाटेचे तीन वाजलेले असोत. कंटाळा करून "हो रे बाबा, झोप आता" म्हटलं की कुत्राही हळूहळू सांगायचं सोडतो. पोलिसांच्या श्वानपथकातल्या कुत्र्याचा सरावही रोज घ्यावाच लागतो ना? तसंच हे. शिवाय त्याचं खाणंपिणं, फिरवणं, जंत, लशी, आजारपण. आणि कुत्राही झोपतो, म्हातारा होतो.

म्हणजे ताई, ज्या बाईला रात्री झोप मिळत नाही म्हणून कुत्रा आणायचा, त्याच बाईला रात्री उठून कुत्र्याच्या खबरीची शहानिशा करावी लागणार. घरात एका लेकराची निगराणी चालली आहे, तिथे दोघांची होईल.

त्याची खबर खरी किती निघते, यावरही एकमत नाही. २०१९ साली इंग्लंडात सत्तावीस शिकवलेल्या कुत्र्यांची पाहणी छापून आली. त्यातला मधला कुत्रा शंभरात त्र्याऐंशी वेळा साखर उतरल्याचं सांगत होता. पण अमेरिकेत २०१७ साली आठ कुत्र्यांची गाठ अंगावर लावलेल्या सेन्सरशी घालून पाहिली, तर साखर उतरल्याच्या प्रसंगांपैकी शंभरातले छत्तीसच त्यांनी ओळखले, आणि उगाचच्या सूचना कितीतरी जास्त दिल्या. कुत्रा कुणी शिकवला आणि घरी सराव कसा ठेवला यावर सगळं अवलंबून, असं मला तरी दिसतं. त्यातून गरजू आईबापांना फसवणारेही निघतात. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या सरकारी वकिलांनी २०१८ साली अशा एका विक्रेत्याला कोर्टात खेचलं. धड न शिकवलेली पिल्लं अठरा ते सत्तावीस हजार डॉलरला विकल्याचा त्याच्यावर आरोप होता. आपल्याकडे उद्या कुणी लॅब्रेडॉरचं पिल्लू दाखवून "शुगर ओळखतो" म्हणू लागला, तर पैसे काढू नका.

तेव्हा माझं स्पष्ट मत : केवळ यासाठी पिल्लू आणू नये. पण कुत्रा जे काम करतो ते नीट पाहा. तो दोनच गोष्टी करतो. सतत जवळ राहून बदल ओळखतो, आणि समोरचं माणूस खाईपर्यंत पिच्छा सोडत नाही. ही दोन्ही कामं माणसांना वाटून देता येतात, आणि ती एकट्या आईनं करायची असं कुठल्याही डॉक्टरांनी लिहून दिलेलं नाही.

रात्रीचं आधी. झोपण्यापूर्वी साखर तपासायचीच. ज्या दिवशी मुलगी खूप धावली-खेळली असेल, जत्रेत फिरली असेल किंवा जेवण कमी झालं असेल, त्या रात्री साखर उतरण्याचा धोका जास्त. खेळाचा परिणाम कित्येक तासांनी, ऐन झोपेत दिसतो. अशा रात्री दोन-तीनच्या सुमारास एकदा उठून पाहावं. नेहमीच्या रात्रींचं डॉक्टरांना विचारून ठरवावं. उशी घामानं भिजलेली, झोपेत बरळणं, वाईट स्वप्नं, सकाळी डोकं दुखणं ही रात्री साखर उतरल्याची लक्षणं असू शकतात. आणि हे तीनचं उठणं यजमानांनीही करायचं. एक रात्र तुम्ही, एक रात्र त्यांनी. "तुम्ही दोघी ठरवा" म्हणाले ना? मग हे तुम्ही ठरवलंय असं सांगा. गजर लावता येतो, बोट टोचता येतं, पुरुषांना जमत नाही असं त्यात काही नाही. ऐपत असेल तर दंडावर चिकटवायचा सेन्सर मिळतो. त्याच्या काही प्रकारांत साखर उतरली की फोनवर गजर होतो. मात्र तो दहा-पंधरा दिवसांनी बदलावा लागतो आणि दर वेळी हजारांत खर्च येतो. दिरांना मुलीसाठी काही पाठवायचंच असेल तर कुत्र्यापेक्षा हे पाठवायला सांगा.

साखर सत्तरच्या खाली आली की चहाचे सपाट तीन-चार चमचे साखर किंवा तेवढी ग्लुकोजची पावडर थोड्या पाण्यात विरघळवून द्यायची. डॉक्टरांनी मुलीच्या वजनाप्रमाणे माप सांगितलं असेल तर ते पाळायचं. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढंच द्यायचं. पेढा किंवा चॉकलेट नको. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर चढायला वेळ लागतो. साखरेचा डबा तिच्या उशाशी ठेवा, स्वयंपाकघरात नको. मुलगी बेशुद्ध झाली तर तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, श्वासनलिकेत जाईल. कांदा नको, चप्पल हुंगवणं तर नकोच. कुशीवर वळवायचं, डॉक्टरांनी ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन देऊन ठेवलं असेल तर ते द्यायचं आणि १०८ ला फोन लावायचा.

शाळेचं सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण मी अर्धवेळ का होईना, शिक्षिका आहे. पत्रात पुढे लिहिलंय की शाळेत कळवलेलं नाही, "उद्या लग्नाच्या वेळी बोभाटा नको." ताई, लग्नाला अजून पुष्कळ वर्षं आहेत, साखर तर आज दुपारीही उतरू शकते. माझ्या वर्गात अशीच एक मुलगी आहे. तिच्या आईनं पहिल्याच दिवशी येऊन सगळं सांगितलं, साखरेची पुडी माझ्या टेबलात ठेवली आणि शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीलाही समजावलं. आता ती मैत्रीण माझ्या आधी ओळखते. "बाई, ही एकाच ओळीवर पेन्सिल फिरवतेय," म्हणून हात वर करते. पुडी काढून देते आणि पाणी पिऊन होईपर्यंत हलत नाही. कधी ती मुलगी चिडून "मला काही झालेलं नाही" म्हणते, तरी ही ऐकत नाही. साखर उतरल्यावर माणूस चिडतं, हट्ट करतं, हेही तिला ठाऊक आहे. बाकावरच्या नऊ वर्षांच्या पोरीला हे जमतं.

आमच्या वढूत तर हे नवं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजींनी सत्तरच्या दशकात इथे काम सुरू केलं, तेव्हा त्यांनी गावातल्याच माणसांना आरोग्याचे धडे देऊन घरोघरी पाठवलं. त्यांना १९९३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शेजारच्या काकू, चुलत जाऊ, रिक्षावाले काका, इतक्यांना तरी तुमच्या मुलीची लक्षणं आणि साखरेचा डबा ठाऊक हवा.

राहता राहिला मोत्या. शिरूर तालुक्यात उसात बिबट्या असतो आणि अंगणातली कुत्री तो उचलतो, हे तुम्हांला मी काय सांगणार. म्हणून त्याला रात्री ओसरीवर, दाराच्या आत घ्या. सासूबाईंना म्हणावं, खंडोबाच्या पायाशी कुत्रा आहे, दत्तमहाराजांच्या पायाशी तर चार आहेत. देवघरात नको म्हणतात, तेवढं ऐका. रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्या. आणि एखाद्या रात्री तो मुलीच्या खोलीचं दार ओरबाडू लागला, तर हाड म्हणण्याआधी तिचं बोट टोचून पाहा. साखर खरंच उतरलेली निघाली तर तिचं पाणी पिऊन झाल्यावर मोत्यालाही भाकरीचा तुकडा द्या, तिथल्या तिथे, तिच्याच हातानं. ठीक निघाली तर तुकडा द्यायचा नाही, पण ओरडायचंही नाही.